ओढ्याच्या अलीकडचं घर

मुंबईत आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी विषय निवडायचा होता, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी हॉटेलं घेतली, नाट्यगृहं घेतली, एकानं विमानतळ घेतला. मी धरणामुळं उठवलेलं एक गाव घेतलं. माझे वडील पाटबंधारे खात्यात मोजणीची साखळी धरायचं काम करायचे. त्या गावाच्या शिवारात त्यांनी बरेच उन्हाळे काढले होते. नगरला आमच्या घरी जेवताना ते त्या गावाबद्दल बोलत, आणि दरवेळी शेवटी म्हणत, "आता ते सगळं पाण्याखाली जाणार."

आमचे सर नुकतेच परदेशातून शिकून आले होते. त्यांचा एक आग्रह असायचा. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी जे लोक तिथं राहणार आहेत त्यांच्याकडं जा, त्यांना काय हवंय ते विचारा, ते कसे बसतात, कुठं स्वयंपाक करतात, भांडण झालं तर कुठं जाऊन उभे राहतात ते बघा, आणि हे सगळं लिहून काढल्यावरच आराखड्याला हात घाला. याला ते 'प्रोग्रॅमिंग' म्हणत. आम्हाला तो शब्द नवा होता, पण मला ते पटलं होतं. आजवर आमच्या लोकांना विचारून कुणी काही बांधलं नव्हतं.

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर मी तिथं गेलो. नगरहून एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी. पाऊस झालाच नव्हता. धरणाची भिंत उभी होती आणि तिच्यामागं नदीचं पात्र कोरडं पडलेलं. गाव उठवलं होतं ते पाणी येणार म्हणून, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. खाली नदीकाठी जुनं गाव छपरं काढून घेतलेल्या अवस्थेत पडलं होतं. वर मुरमाड माळावर नवं गावठाण चुन्याची फक्की मारून आखलेलं होतं. माणसं खालून तुळया, चौकटी, दगड डोक्यावर घेऊन वर चढत होती, कारण बैल चारा-छावणीला गेले होते.

सरपंचांनी मला त्यांच्या पडवीत उतरवून घेतलं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळं त्यावरून जात कळत नव्हती. घरातून ताट यायचं, त्यात रेशनवरच्या मिलोची, परदेशी ज्वारीची, लालसर भाकरी असायची, कारण सगळ्यांच्याच ताटात तीच होती. एकदा जेवताना त्यांनी विचारलं,

"वडील काय करत्यात म्हनायचं?"

"पाटबंधाऱ्यात आहेत. साखळीवर."

ते जेवायचे थांबले. "उंच हायेत का? लांब मिशावाले?"

"हो."

"वळखतो की," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "पाव्हनं, शाळेचं सामान ठेवायला पडवी लागतीय. तुमची सोय दुसरीकडं करावी म्हनतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. कुठं सोय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी पिशवी उचलली आणि हवालदारांकडं गेलो.

हवालदार फौजेतून निवृत्त होऊन आलेले होते. आमच्याच समाजाचे. छप्पन साली घरातले देव नदीत सोडणाऱ्यांत ते पहिले होते, असं वडील सांगत. मुलगी श्रीरामपूरला दिलेली, घरात नवरा-बायको दोघंच. त्यांना नव्या गावात जी जागा मिळाली होती तिच्यावर तेव्हा नुसतं पत्र्याचं खोपट होतं. मी त्या खोपटात राहायला गेलो.

ती जागाच सगळ्या गोष्टीचं मूळ होती. जुन्या गावात आमच्या लोकांची घरं ओढ्याच्या पलीकडं असत. त्या वस्तीला गाव अजून जुन्याच नावानं हाक मारायचं. नव्या गावठाणात सरकारी माणसांनी चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. त्यात बौद्धांच्या काही घरांना गावाच्या मधल्या ओळींत जागा आल्या, आणि हवालदारांना आली ती मुख्य रस्त्यावर, सरपंचांच्या धाकट्या भावाच्या जागेला लागून. पुढच्या काही दिवसांत गावातली माणसं एकेका घरी जाऊन गोडीनं बोलून आली. बाकीच्या घरांनी आपल्या जागा बदलून नव्या गावठाणाजवळच्या ओढ्याच्या पलीकडं घेतल्या. आपली माणसं आपल्याजवळ असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. हवालदारांनी बदलली नाही.

"चिठ्ठी मी काढली का?" ते मला म्हणाले. "सरकारनं काढली. फौजेत पोस्टिंग आली की मी कधी बदलून मागितली न्हाई. आता बी मागनार न्हाई."

मी घरोघर जाऊन विचारत होतो. नव्या गावात काय हवं? कुणी देऊळ म्हणालं, कुणी चावडी, कुणी जनावरांच्या पाण्याचा हौद. आणि जवळजवळ प्रत्येक दारात, गुपित नसल्यासारखं, सहज सांगितलं जायचं, "त्यांची घरं ओढ्याच्या पलीकडं असू द्या, जशी हुती तशी." एक म्हातारे गृहस्थ तर मायेनं म्हणाले, "त्यांना बी तितंच मोकळं वाटतं." मी कोण ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते माझ्यासमोर बोलत होते. मी शहरातून शिकून आलेला, म्हणजे त्यातला उरलो नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

मधे मुंबईला गेलो तेव्हा सरांना विचारलं, "सर, ही सुद्धा लोकांची गरजच धरायची का? बहुतेकांची तीच आहे."

सरांनी माझी वही माझ्यासमोर सरकवली. "तू आत्ता लिहून ठेव," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. ते बिचारे ज्या देशात हे शिकले तिथं हा प्रश्न कुणी असा मांडला नसणार.

परत आलो तेव्हा हवालदारांनी मला समोर बसवलं. "पोरा, गावाचा नकाशा काढतोस. माझ्या घराचा काढ."

माझ्या आयुष्यात कुणीतरी राहण्यासाठी मला काढायला सांगितलेलं ते पहिलं घर. मी त्यांच्या बायकोला, काकींना, विचारलं, घरात काय काय हवं? त्या भाकरी थापत होत्या. आधी हसल्या. "मला कशाला इचारतोस? ह्येंला इचार."

"काकी, स्वयंपाक तुम्ही करणार."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "दार रस्त्यावर पायजे. खालच्या गावात आमच्या एका बी घराचं दार रस्त्यावर न्हवतं. आन् पान्याचं टाकं घरात पायजे. मोठं. येकदा भरलं की आठ दिस बाहेर जायला नको, असं."

"पण टाकं भरायचं कशानं? नळ तर नाही."

"ते तू बघ. नकाशा तू काढतोस न्हवं?" आणि पुन्हा हसल्या.

मी तीन खणांचं घर काढलं. रस्त्याकडं दार, दाराच्या दोन्ही बाजूंना ओटा, मागं चूल, चुलीशेजारी टाकं. गवंडी गावातला मिळाला नाही. दोघांनी नाही म्हटलं, तिसरा घरात आजारपण आहे म्हणाला. शेजारच्या गावचा एक आला, जोतं भरून झालं आणि एक दिवस तो आलाच नाही. मग आम्ही तिघं बांधू लागलो. जुन्या गावातल्या त्यांच्याच पडक्या घराचे दगड वर आणायचे, मातीत बसवायचे. काकी दगड घेऊन चढताना थांबत नसत. मी कॉलेजात कागदावर भिंतीचे छेद काढले होते, पण दगडाला दगड कसा बसतो ते तिथं शिकलो. भिंती छातीइतक्या आल्या. पाणी कमी म्हणून माती नीट मळता येत नव्हती, त्यामुळं काम अडत अडत चालायचं.

नव्या गावाला विहीर एकच. ती आटली होती. टँकर येऊन तिच्यात पाणी ओतायचा आणि बाया पोहऱ्यानं शेंदून घ्यायच्या. ओढ्यापलीकडच्या बाया कडेला उभ्या राहत आणि कुणीतरी त्यांच्या भांड्यात वरून ओतायचं. खालच्या गावात त्यांची वेगळी विहीर होती, त्यामुळं हे उभं राहणं त्यांना नवीन होतं, पण त्याची सवय त्यांना लगेच झाली. काकींना झाली नाही. एके सकाळी बराच वेळ कुणी ओतलं नाही. टँकरचं पाणी तळाला चाललं होतं. काकींनी पुढं होऊन आपला पोहरा विहिरीत सोडला.

मी तिथं नव्हतो. काकींनीच सांगितलं. "कुनी काय बोललं न्हाई बघ. सगळ्याजनी नुसत्या थांबल्या. मी भरलं आन् आले."

कुणी बोललं नाही, मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण दुसऱ्या दिवसापासून हवालदारांना दुष्काळी कामावर घेतलं नाही. मुकादम म्हणाला, टोळी भरली. गिरणीवाल्यानं मिलो दळायला घेतली नाही. पट्टा तुटलाय म्हणाला, आणि आमच्यामागं आलेल्या बाईचं दळण घेतलं. दुकानदार आम्हाला बघून फळी टाकून आत निघून जायचा. आणि विहिरीवर ओढ्यापलीकडच्या सगळ्याच बायांच्या भांड्यात ओतणं बंद झालं.

त्यानंतर आमचीच माणसं आली. चार कर्ते पुरुष, हात बांधून खोपटासमोर उभे राहिले. त्यातला एक हवालदारांचा चुलतभाऊ होता.

"हवालदार, तुमी ताठ हायेत, तुमाला पेन्शन हाय. आमची लेकरं पान्यावाचून तान्हेली हायेत. जागा बदला. आमी पाया पडतो."

हवालदार उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी तेव्हाच पाहिला. गावानं केलं ते त्यांनी अंगावर घेतलं होतं, पण हे नाही. "तुमाला पानी मिळंल," ते म्हणाले. "आमी इहिरीवर येत न्हाई. पन जागा ऱ्हाऊ द्या."

ते तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं, बसायला खुर्चीसुद्धा दिली, आणि म्हणाला, "दुष्काळाचे दिवस आहेत हवालदार, समजुतीनं घ्या." दूरच्या एका पाझर तलावाच्या कामावर हवालदारांना काम लागलं. पहाटे निघत आणि दिवस मावळताना येत. काकी पाण्यासाठी खाली नदीत जाऊ लागल्या.

कोरड्या नदीत वाळू खणली की तळाशी पाणी पाझरतं. त्याला झिरा म्हणतात. वाटीवाटीनं हंडा भरायचा. उन्हाळा चढला तसा झिरा खोल होत गेला, एवढा की काकी आत उतरल्या की वरून फक्त त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. मी एकदा त्यांना म्हणालो, कडेची वाळू ढासळेल. त्या म्हणाल्या, "मी हळूच उतरते."

मार्चमधली गोष्ट. मी जुन्या गावात मोजमापं घेत होतो. माझ्या प्रबंधाला जुन्या वस्तीचा नकाशा हवा होता, आणि छपरं नसल्यामुळं जोत्यावरून घरं मोजणं सोपं जात होतं. काकी हंडा घेऊन जवळून गेल्या. "जेवलास का?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. खरं तर जेवलो नव्हतो. त्या नदीकडं उतरल्या.

थोड्या वेळानं शेळ्या वळणाऱ्या एका बाईची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. झिऱ्याच्या जागी नुसता वाळूचा खड्डा होता, आणि कडेला रिकामा हंडा. ती बाई हातानं वाळू उपसत होती. मी तिच्याशेजारी उपसू लागलो, पण आत घेतलेली वाळू पुन्हा घसरून आत जायची. वर काम चालू होतं तिथली माणसं फावडी घेऊन धावत आली. सगळ्यांत पुढं सरपंचांचा धाकटा भाऊ. त्यानं खड्ड्यात उडी टाकली आणि ओरडला, "फावडं नको! लागंल तिला! हातानं काढा!" कुणी कुणाला शिवत होतं, याचं त्या वेळी कुणाला भान नव्हतं. त्यानंच काकींच्या काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. त्यांच्या तोंडात, नाकात वाळू भरलेली. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि त्यांचं तोंड पुसू लागला. "पानी आना रं कुनी!" कुणीतरी विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन पळत आलं. ते पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं. तो पुसतच राहिला, बऱ्याच वेळानं त्याला कुणीतरी धरून बाजूला नेलं.

हवालदारांना आणायला माणूस गेला. ते आले. रडले नाहीत. काकींच्या शेजारी बसले, त्यांच्या केसांतली वाळू बोटांनी काढू लागले. मग आजूबाजूला बघून म्हणाले, "हंडा कुठाय?" मी आणून दिला. त्यांनी तो मांडीजवळ ठेवून घेतला.

अंत्ययात्रेला सगळं गाव आलं. सातव्या दिवशी जलदानविधी झाला. पाणी देण्याचा तो विधी मी लहानपणापासून पाहिला होता, पण त्या दिवशी तो शब्द उच्चारताना भन्तेजींची जीभसुद्धा अडखळली. नंतर सरपंच आले.

"हवालदार, झालं ते लई वाईट झालं. घर पुरं करा. आमी मानसं देतो, गवंडी देतो."

"मानसं नको," हवालदार म्हणाले. "दार मी बसवीन."

त्यांनी जुन्या घराची चौकट खालून आणली. मी एका बाजूनं धरली. छातीइतक्या भिंतींच्या मधे, रस्त्याकडं तोंड करून, त्यांनी चौकट उभी केली, ओळंबा लावून दोनदा तपासली, दाराच्या फळ्या बसवल्या. वर छप्पर नव्हतं, भिंतीवरून कुणीही आत जाऊ शकलं असतं. त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. तिथून ते मुलीकडं गेले आणि मी मुंबईला.

प्रबंधाच्या परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ आर्किटेक्ट आले होते. खादीचा झब्बा, बोलणं अतिशय सौम्य. माझ्या कागदांसमोर ते बराच वेळ उभे राहिले. जुन्या गावाचा नकाशा त्यांना फार आवडला. "काय सुरेख रचना आहे," ते म्हणाले. "कुणी आखलेली नाही, आपोआप उगवलेली. हे समूह बघा, हा इथं, हा ओढ्यापलीकडं. आणि तुमच्या आराखड्यात हे सगळे समूह तुम्ही मोडून टाकलेत. का? पिढ्यानपिढ्या लोक असे राहत आले, त्यात काही शहाणपण असेल असं तुम्हाला वाटलं नाही?"

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "सर, ओढ्यापलीकडचा समूह आपोआप उगवलेला नाही," मी म्हणालो. "तो तिथं ठेवलेला आहे. मी त्यातलाच आहे."

मग मी त्यांना काकींच्या घराचा कागद दाखवला आणि घडलं ते सांगितलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं. पण शेरा त्यांनी लिहिला तो असा, की विद्यार्थ्यानं कष्ट घेतले आहेत, मात्र विषयापासून जे अंतर राखायला हवं ते राखलेलं नाही. मी पास झालो. सरांनी मला बाहेर नेऊन चहा पाजला. चहा संपल्यावर म्हणाले, "मी तुला तेव्हा काही सांगू शकलो नाही."

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरलं. ती नदी, जुनं गाव, झिऱ्याची जागा, सगळं पाण्याखाली गेलं.

काही वर्षांनी कामानिमित्त नगरला होतो, तेव्हा वडिलांकडून पत्ता घेऊन हवालदारांना भेटायला भिंगारला गेलो. मुलीकडून निघून ते तिथं एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी करत होते. एकच खोली, फौजी पद्धतीनं टापटीप ठेवलेली. त्यांनी स्वतः पिठलं केलं, भाकरी केल्या. भाकरी गोल होत नव्हत्या. जेवताना मी गावाचं विचारलं.

"सरपंचाचा भाऊ येऊन गेला मागं," ते म्हणाले. "जागा इकत मागत हुता. मी न्हाई म्हनलं. बसला हुता, लई रडला. मग गेला."

"आता तिथं काय आहे?"

"दार हाय म्हनत्यात तसंच. कुलूप बी हाय. मागची भिंत पाडून जनावरं बांधत्यात."

त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. ताटातला भाकरीचा तुकडा मोडत मोडत सांगितलं, आणि मला पिठलं वाढलं. मग माझ्या नोकरीचं, वडिलांच्या गुडघ्यांचं विचारलं. माझं लग्न ठरलं होतं, ते ऐकून त्यांना बरं वाटलं. मुलगी शिकलेली आहे का, एवढंच विचारलं.

मला पोचवायला ते एस.टी. स्टँडवर आले. गाडी लागली तशी दाराशी ही गर्दी झाली. ते त्या गर्दीत शिरले, खिडकीतून आपला रुमाल आत टाकून माझ्यासाठी जागा धरली, आणि मी बसेपर्यंत सीटवर हात ठेवून बाहेर उभे राहिले. गाडी हलली तेव्हा मी रुमाल त्यांना परत दिला. त्यांनी तो झटकला, घडी घालून खिशात ठेवला आणि ड्यूटीची वेळ झाली होती म्हणून झपाझप चालू लागले.